चेकची मागची बाजू

टाकेबाईंनी बँकेला कोर्टात खेचलं, अशी बातमी गल्लीत पसरली होती. खरं तर तसं काही झालंच नव्हतं. बँकेवर त्यांचा काडीचाही राग नव्हता. राग होता नवऱ्यावर, आणि तोही जुनाच. पण लोकांना अर्धं ऐकायचं आणि उरलेलं पदरचं घालायचं, एवढं मात्र छान जमतं. समोरचा चष्मेवाला दुकानाच्या दारात येऊन म्हणाला, "थेट बँकेशी पंगा घेतलात म्हणे. छाती आहे हं तुमची." टाकेबाई तोंडात टाचण्या धरून कुणाच्या तरी पँटचा पाय आखूड करत होत्या. उत्तर द्यायचं तर टाचण्या काढाव्या लागल्या असत्या, आणि तेवढी त्या माणसाची लायकी नव्हती. त्यांनी नुसती मान हलवली.

टाकेबाई हे नाव गल्लीनंच ठेवलेलं, दिवसभर टाके घालतात म्हणून. त्या नवे कपडे शिवत नसत, शिवलेले दुरुस्त करत. चेन बदलायची, कंबर सैल करायची, फाटलेल्याला असं रफू करायचं की कुठे फाटलं होतं ते मालकालाही सापडू नये. दहा बाय आठची खोली, दोन मशिनं, एक लांब टेबल आणि भिंतभर लटकलेले दुसऱ्यांचे कपडे. वीस वर्षं हेच. त्यामुळे त्यांच्या नजरेला एक खोड लागली होती. शिवण दिसली की ती कुणाच्या हातची हे त्यांना कळायचंच. चारचौघांत बसल्या असल्या तरी समोरच्या बाईची बाही बघून 'कोपऱ्यावरच्या मास्तरचं काम' असं मनातल्या मनात म्हणून मोकळ्या होत.

आणि आता ही खोली जाणार होती. मालकानं विकायला काढली होती. माणूस बरा, म्हणाला, "बाई, तुमचा हक्क पहिला. महिनाअखेरीला तीन लाख आणून द्या, उरलेले हप्त्यानं फेडा. नाही जमलं तर मात्र कुलूप." यात त्याचं काही चुकलं असं टाकेबाईंनाही म्हणता येईना.

तीन लाख त्यांच्याकडे होते. होते म्हणजे, असायला हवे होते. लग्नानंतर दोघांनी मिळून एक लहान घर घेतलं होतं. ते विकून सहा लाख आले, ते दोघांच्या नावावरच्या खात्यात पडले. दोघांपैकी कुणाचीही एकाची सही चालेल, असं खातं. तेव्हा दोघांपैकी कुणीही चालत होतं. नंतर कुणालाच कुणी चालेना. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. तो वेगळा राहायला लागल्यापासून टाकेबाई त्याचं नाव घेत नसत, नुसतं 'लिफ्टवाला' म्हणत. आपणही तेच म्हणू, उगाच कशाला त्यांचा रोष ओढवून घ्या.

घटस्फोटाच्या दाव्यात वाटणीचा विषय निघाला तेव्हा खात्यात शिल्लक निघाली चारशे बारा. लिफ्टवाल्यानं शपथेवर सांगितलं, पैसे हिनं काढले. टाकेबाईंनी शपथेवर सांगितलं, पैसे यानं काढले. दोघांच्याही वकिलांनी आपापल्या अशिलाच्या तोंडाकडे बघितलं, आणि दोघांनाही आपलाच माणूस खरा वाटला.

टाकेबाईंच्या वकीलबाई पन्नाशीच्या, बारीक, चष्मा डोक्यावर ठेवून टेबलावर शोधणाऱ्या. त्यांनी खात्याचा उतारा समोर पसरून सांगितलं, "सात चेक आहेत, अकरा महिन्यांत. सगळ्यांवर 'सेल्फ'. म्हणजे काउंटरवर रोख घेतलेत. सही कुणाची, ते उताऱ्यात येत नाही. ते चेकवर असतं आणि चेक असतो बँकेकडे."

"मग बँकेकडे मागा."

"तुम्ही मागितलेत ना?"

मागितले होते. शाखेत गेल्या तर खिडकीवरचा मुलगा म्हणाला, या खात्यावर वाद आहे, तुमच्या मिस्टरांनी खातं गोठवायचं पत्र दिलंय, आता दोघांच्या सहीचा अर्ज आणा. दोघांची सही. टाकेबाईंना हसावं की रडावं कळेना. एकत्र सही करण्याइतकं पटत असतं तर त्या खिडकीपाशी आल्याच कशाला असत्या? वकीलबाईंनी समजावलं, "बँक तुमच्या भांडणात नाही, ती त्रयस्थ. तिला ना तुमचं सोयर ना सुतक. कोर्टानं हुकूम केला तरच ती कागद देणार. पण ताई, त्यात वेळ जाईल. मी म्हणते निम्म्यावर तडजोड करून टाकू."

"निम्मं माझंच आहे. त्यात तडजोड कसली? मला चेक बघायचेत. त्याच्या हातची माझी सही मला बघायचीय."

त्यांना खात्री होती की लिफ्टवाल्यानं त्यांची खोटी सही ठोकली असणार. अर्ज झाला. गंमत म्हणजे लिफ्टवाल्याच्या वकिलानं त्यावर ब्र काढला नाही. "आमचीही हरकत नाही, चेक येऊ द्या," म्हणाला. टाकेबाई घरी येताना मनात म्हणाल्या, काय निर्ढावलेला माणूस आहे. कोर्टानं बँकेला हुकूम केला, सात चेकच्या नकला दोन्ही बाजूंना द्या आणि गुरुवारी अधिकाऱ्याला पाठवा. मंगळवारी पाकीट आलं.

वकीलबाईंच्या खोलीत त्यांनी ते स्वतःच्या हातानं फोडलं. सात कागद, एकेका कागदावर एकेक चेक, काळसर छपाई. पहिल्याच कागदावर नजर गेली. सही त्यांची होती. त्यांच्या सहीसारखी नव्हे, त्यांची. पहिल्या अक्षराची ती गाठ, आडनावाची ती घाई, खालची ती लांब रेघ. क्षणभर त्यांना खरोखर वाटलं, आपणच तर काढले नाहीत? काढले आणि विसरलो? माणूस सहा लाख काढून विसरतो का? पण सही तर समोर होती.

वकीलबाईंनी चष्मा डोक्यावरून नाकावर आणला आणि कागदावरून त्यांच्याकडे बघितलं. आवाज बदलला होता. "ताई, ही तुमचीच दिसतेय."

टाकेबाईंनी दुसरा कागद घेतला. मग तिसरा. तिसऱ्यावर त्यांचं बोट थांबलं.

त्यांच्या खऱ्या आडनावाच्या शेवटी उकार आहे. सही करताना त्या आधी नाव लिहीत आणि मग एका झटक्यात खाली रेघ ओढत. त्यामुळे तो उकार रेघेला छेदून खाली लोंबायचा. चेकवर उकार लोंबत नव्हता. तो पाय दुमडून रेघेच्या वर बसला होता. सातही कागदांवर बसला होता. म्हणजे सही करणाऱ्यानं रेघ आधी मारली होती आणि मग तिच्यावर नाव लिहिलं होतं.

अशी सही करणारा माणूस जगात एकच होता आणि त्याला तसं शिकवणाऱ्या टाकेबाईच.

त्यांची मुलगी खारू नऊ वर्षांची होती तेव्हा. पुढचे दोन दात खारीसारखे, म्हणून खारू. शाळेच्या डायरीत रोज पालकाची सही लागायची, आणि टाकेबाई रात्री घरी पोचेपर्यंत पोर झोपलेली असायची. सही नसली की बाई वर्गाबाहेर उभं करायच्या. शेवटी एक दिवस टाकेबाईंनी तिला दुकानात टेबलावर बसवलं, पुढे काळ्या कापडाचा तुकडा टाकला आणि हातात शिंप्याचा खडू दिला. पोरीची अक्षरं चढाला लागायची. तेव्हा त्या म्हणाल्या, आधी रेघ मार, मग तिच्यावर नाव बसव, म्हणजे वाकडं जाणार नाही. कापडाचं तसंच असतं ना, आधी रेघ. दुपारभरात पोरीनं सही पाठ केली. टाकेबाईंनी कौतुकानं गालगुच्चा घेतला होता. पुढची सगळी वर्षं शाळेतली प्रत्येक सही खारूची होती.

आता खारू एकोणीसची. कृत्रिम दात बनवायचा कोर्स करत होती. हातात कसब भलतंच.

"ताई? पाणी देऊ का?"

"नको."

"सही खोटी आहे ना? घाबरू नका हो, मग तर सोपंच आहे." वकीलबाई उत्साहात आल्या. "परवा मी तुम्हाला विचारते, सही तुमची का. तुम्ही नाही म्हणायचं. मग मी मूळ चेक मागते. बँकेनं शहाणपणा करून फक्त पुढच्या बाजूच्या नकला दिल्यात. खरी गंमत मागच्या बाजूला असते. रोख घेणाऱ्याला मागे स्वतःची सही करावी लागते, नाव आणि फोन नंबरही लिहावा लागतो. लिफ्टवाल्यानं जाऊन घेतले असले तर त्याचं नाव, कुणाला पाठवलं असलं तर त्याचं. हस्ताक्षराच्या तज्ज्ञाचीही गरज नाही. चेक उलटा करायचा, की काम फत्ते."

टाकेबाईंनी कागदांची चळत पालथी घातली. "आणि ज्याचं नाव निघेल त्याचं काय होतं?"

"खोटी सही, बँकेची फसवणूक. पोलिसांत जातं ते. कोर्ट स्वतःच पाठवतं." वकीलबाईंनी मान तिरकी केली. "आता त्याची दया येतेय की काय?"

"त्याची नाही," टाकेबाई म्हणाल्या, आणि ते खरंच होतं.

त्या दुकानात परत आल्या आणि मशिनवर बसून राहिल्या. एक गिऱ्हाईक कोट न्यायला आलं, त्याला त्यांनी दुसऱ्याचाच कोट दिला. त्यांना काही सुचत नव्हतं, आणि जे सुचत होतं ते नको वाटत होतं. बँकेचे संदेश आपल्या फोनवर का आले नाहीत, हे त्यांना आता कळलं. खात्याला लिफ्टवाल्याचा जुना नंबर जोडलेला होता, आणि तो फोन त्यानं कधीच पोरीला दिला होता. चेकबुक कपाटात होतं. कपाटाची किल्ली खिळ्याला होती. सगळं डोळ्यांसमोर होतं, फक्त त्यांनी तिकडे बघितलं नव्हतं.

सोमवार-मंगळवार खारू आईकडे असायची, त्यामुळे संध्याकाळी ती घरी आली. बॅग टाकली, हात धुतले, जेवायला बसली. टाकेबाई तिच्या उजव्या हाताकडे बघत राहिल्या. पोर म्हणाली, "काय गं, अशी काय बघतेस?"

"काही नाही. बारीक झालीस."

"तुला दर आठवड्याला मी बारीकच दिसते."

विचारायला पाहिजे होतं. तोंड उघडलंही होतं. पण विचारलं तर ती उत्तर देईल, याची टाकेबाईंना भीती वाटली. एरवी वीस वर्षं बाजारात दुकान चालवलेली बाई, भल्याभल्यांना सरळ करणारी. आणि स्वतःच्या पोरीसमोर दातखीळ बसली. त्यांनी तिला आणखी एकदा वाढलं.

गुरुवारी अकरा वाजता पुकारा झाला. कोर्टाची खोली लहान, पंख्याला आवाज, कोपऱ्यात फायलींचे गठ्ठे सुतळीनं बांधून छतापर्यंत रचलेले. लिफ्टवाला पलीकडच्या बाजूला, इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. शर्टाची कॉलर उलटी करून शिवायला आली होती, हेही टाकेबाईंना दिसलं. बँकेचा अधिकारी पहिल्या रांगेत मांडीवर बॅग घेऊन बसला होता, परीक्षेला आल्यासारखा. टाकेबाईंची नजर त्या बॅगेवरून हलेना.

शपथ झाली. वकीलबाईंनी पहिला कागद पुढे केला. त्यांच्या चेहऱ्यावर जिंकणाऱ्या माणसाची शांतता होती. "ही नक्कल बघा. यावर जी सही आहे ती तुमची आहे का?"

"माझी आहे."

वकीलबाई कागद धरून तशाच उभ्या. मग हळू म्हणाल्या, "प्रश्न नीट ऐका, ताई. ही सही तुम्ही केली आहे का?"

"ऐकला की. माझीच आहे. सातही माझ्याच आहेत."

टंकलेखकाची बोटंसुद्धा थांबली. न्यायाधीशांनी चष्म्यावरून बघितलं. "बाई, मागच्या खेपेला याच जागी उभं राहून तुम्ही शपथेवर सांगितलंत की या पैशाला हात लावला नाही."

"खोटं सांगितलं, साहेब."

"का?"

याचं उत्तर टाकेबाईंनी तयार केलं नव्हतं. दोन दिवस त्या फक्त 'माझी आहे' एवढे दोनच शब्द घोकत होत्या. "लाज वाटली," त्या म्हणाल्या. न्यायाधीशांना ते पुरेसं वाटलं नाही, पण त्यांनी ते लिहून घेतलं.

इतक्यात बँकेचा अधिकारी उभा राहिला. भला माणूस, हुकमाबाहेरचं काम करून आलेला. "साहेब, मी मूळ चेकही आणलेत. मागच्या बाजूसकट. हवे असतील तर दाखवतो." आणि त्यानं बॅगेची चेन उघडली. टाकेबाईंनी कठडा घट्ट धरला. आयुष्यात हजारो चेन बसवल्या असतील, पण चेनच्या आवाजानं जीव जाईल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

न्यायाधीशांनी हात हलवला. "सही कबूल आहे, आता मागची बाजू बघून काय करायचं? बसा तुम्ही." अधिकारी हिरमुसून बसला. चेन बंद झाली.

लिफ्टवाल्याच्या वकिलाला आता आभाळ ठेंगणं झालं होतं. त्यानं उठून सांगितलं की आपल्या अशिलाचं म्हणणं अक्षरशः खरं ठरलं, तेव्हा निम्मे म्हणजे तीन लाख बाईंनी परत करावेत, वर खर्च द्यावा, वर खोट्या शपथेबद्दल... तो आणखी काय काय म्हणणार होता देव जाणे. लिफ्टवाल्यानं मागून त्याचा डगला ओढला. वकिलानं झटकला. त्यानं पुन्हा ओढला, आणि शेवटी स्वतःच उभा राहिला.

"साहेब, मला नकोत."

"काय नकोत?"

"ते तीन लाख. त्या पैशाचं मी काही मागत नाही. लिहून घ्या."

त्याचा वकील त्याच्याकडे असा बघत होता, जणू लिफ्ट मध्येच अडकलीय. न्यायाधीशांनी दोनदा विचारलं, विचार करून बोलताय ना. लिफ्टवाला दोनदा हो म्हणाला. पैशाचा मुद्दा निकाली निघाला. खोट्या शपथेबद्दल कारवाई का करू नये याचं लेखी उत्तर टाकेबाईंनी पंधरा दिवसांत द्यायचं ठरलं आणि पुढचा पुकारा झाला. सगळं मिळून वीस मिनिटं लागली असतील.

बाहेर आल्यावर वकीलबाई म्हणाल्या, "डॉक्टरला आणि वकिलाला तरी खरं सांगावं माणसानं." त्यांचा आवाज दुखावलेला होता. टाकेबाईंनी फक्त हात जोडले. वकीलबाई फायली छातीशी धरून जिना उतरून गेल्या.

टाकेबाई व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या. आता दुकान गेलं, एवढंच त्यांच्या डोक्यात फिरत होतं. वीस वर्षांचं दुकान गेलं, कोर्टात खोटारडी ठरले, आणि तरी पोरीचं नाव त्या बॅगेत बंद राहिलं म्हणून सुटल्यासारखंही वाटत होतं. रडू येत नव्हतं. बाकाच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी बसलं. लिफ्टवाला. मध्ये तीन माणसं मावतील एवढी जागा.

तो आपल्या बुटांकडे बघत होता. मग म्हणाला, "तुझ्या सहीतला उकार रेघेखाली लोंबतो."

टाकेबाईंनी मान वळवली. दोन वर्षांत तो त्यांच्याशी वकिलामार्फत सोडून पहिल्यांदा बोलत होता. "तुम्हाला कधी कळलं?"

"मंगळवारी. पाकीट फोडलं तेव्हाच. शाळेच्या डायरीत रोज बघायचो की. तुला वाटायचं मला माहीत नाही."

"मग त्याच वेळी बोलला का नाहीत?"

"मला वाटलं तूच तिला बसवून सह्या करून घेतल्यास. खोटं कशाला सांगू, आज सकाळपर्यंत तसंच वाटत होतं. म्हटलं, बघू काय म्हणतेय. नाही म्हणालीस तर पोरीला पुढे करून स्वतः नामानिराळी राहतेय, असं समजणार होतो. आणि तू म्हणालीस, माझी आहे."

टाकेबाईंना राग यायला हवा होता. पण त्यांनाही परवा दुपारी नेमकं तेच वाटलं होतं, की पोरीचा हात यानं धरला असेल.

"सहा लाख," लिफ्टवाला म्हणाला. "काय केलं असेल तिनं एवढ्यांचं?"

"तुम्हीच विचारा. आज तुमच्याकडे आहे ना."

"माझ्याकडे?"

"बुधवारपासून रविवारपर्यंत तुमच्याकडेच असते की."

त्यानं त्यांच्याकडे असं बघितलं की टाकेबाईंना वाटलं, याला ऐकू आलं नाही. "माझ्याकडे ती रविवारी दुपारी येते," तो म्हणाला. "जेवते आणि जाते. म्हणते आईला दुकानात मदत करायची असते, उशीर झाला की आई चिडते."

"दुकानात? तिनं मशिनला हात लावून चार वर्षं झाली."

मग टाकेबाईंनी बोटांवर मोजायला घेतलं. सोमवार, मंगळवार आपल्याकडे. रविवारची दुपार याच्याकडे. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार. चार दिवस. त्यांची बोटं तिथेच थांबली. "कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"वर्ष होत आलं. मला वाटलं, तूच पाठवत नाहीस."

"मला वाटलं, तुम्ही सोडत नाही."

पहिला चेक अकरा महिन्यांपूर्वीचा होता. दोघांनाही ते एकदमच आठवलं असावं, कारण लिफ्टवाला सरकत सरकत बाकाच्या मध्यावर आला. टाकेबाईंनी पर्समधून फोन काढला. नंबर दोनदा चुकला. मग त्यांनी स्पीकर लावला आणि फोन दोघांच्या मध्ये धरला.

"हॅलो, आई? झालं का कोर्टाचं?"

"झालं. तू कुठे आहेस गं?"

"बाबांकडे." आवाज साफ, जरासुद्धा अडखळला नाही.

"काय करतायत बाबा?"

"झोपलेत. रात्रपाळी करून आलेत ना. हळू बोल, उठतील."

लिफ्टवाल्याचा चेहरा टाकेबाईंनी लग्नापासून बघितला होता, पण असा कधी बघितला नव्हता. त्यानं एकदा स्वतःच्या शर्टाला हात लावला, जणू आपण खरंच इथे आहोत ना याची खात्री करत होता. मग फोनकडे वाकून म्हणाला, "खारू, मी जागा आहे."

पलीकडे काहीच आवाज आला नाही. टाकेबाईंना वाटलं फोन कट झाला, पण पडद्यावरचे सेकंद पुढे सरकत होते.

"तुम्ही दोघं एका ठिकाणी आहात?" खारूनं विचारलं.

"हो," टाकेबाई म्हणाल्या.

"आणि बोलताय? एकमेकांशी?"

"हो गं. कुठे आहेस तू?"

"माझ्या खोलीवर." आता आवाज लहान झाला होता. "खोली घेतलीय मी भाड्यानं. अनामत, भाडं, आणि कोर्सची तीनही वर्षांची फी त्यातूनच भरली. फी तुला मागितली की तू म्हणायचीस बाबांकडे माग, बाबा म्हणायचे आईकडे माग. आणि तुझ्याकडे आलं की बाबांना शिव्या, बाबांकडे गेलं की तुला. मला रोज तेच ऐकायचं नव्हतं. उरलेत थोडे, ते देते मी."

"पैशाचं राहू दे," टाकेबाई म्हणाल्या, आणि त्यांना स्वतःचाच अचंबा वाटला. दुकानाला लावायचं कुलूप मालकानं आणूनही ठेवलं असेल. "अगं, पण बँकेत सही करताना तुला भीती नाही वाटली? सात वेळा? पकडली गेली असतीस तर?"

"नाही वाटली."

"का?"

"तू बाबांचं नाव घेणार आणि बाबा तुझं, हे मला माहीत होतं," खारू म्हणाली. "माझ्याकडे बघायला होतं कोण?"

व्हरांड्यातून माणसं जात-येत होती. कुणाच्या तरी नावाचा पुकारा झाला. टाकेबाईंनी नवऱ्याकडे बघितलं, त्यानं त्यांच्याकडे. शेवटी खारूच्या बाबांनीच तिला पत्ता विचारला.